खोकला ऐकू येईपर्यंत

मला डांग्या खोकला झालाय हे कळलं, तेव्हा त्याचे जंतू माझ्या घशातून बहुतेक निघून चालले होते. या आजाराची सगळी गंमत इथेच आहे. (गंमत हा शब्द मी आता वापरतेय. बरगडीतली कळ थांबल्यावर.) तो दुसऱ्याला सहज लागतो तेव्हा साधी सर्दी दिसतो. डांग्या खोकल्यासारखा वाजायला लागतो तेव्हा औषधाची वेळ टळलेली असते. आणि आपण डॉक्टरांसमोर बसलेलो असतो तेव्हा तर तो नसतोच.

मी मिरजेच्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, राहायला सांगलीत. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की वर्गात खोकला असतोच. पहाटेचा गारठा, रस्त्यावरचा धुरळा, उसाच्या फडांचा धूर. कारण शोधायला लागत नाही. सातवीतला एक मुलगा तास चालू असताना मधेच उठून बाहेर पळायचा आणि नळापाशी ओकायचा. परत यायचा तेव्हा तोंड लाल, डोळ्यांत पाणी. पाच मिनिटांनी मधल्या सुट्टीत तोच मुलगा कबड्डीत चढाई करताना दिसायचा. आईला बोलावून घेतलं तर त्या म्हणाल्या, "बाई, त्याला अ‍ॅलर्जी आहे, गोळ्या चालू आहेत." वर्गातल्या पोरांनी तर त्याला नाटकी ठरवून टाकलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी मला सर्दी झाली. वाहतं नाक, थोड्या शिंका, घशात खवखव. ताप नाही, अंगदुखी नाही. मी शाळा बुडवली नाही, स्वयंपाक केला, लग्नाला जाऊन आले, मधल्या सुट्टीत आईकडे डोकावत राहिले. आईचं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आणि धाकटी बहीण तेव्हा तिथेच बाळंतपणाला आलेली होती. नंतर वाचलं की जंतू शिरल्यापासून आठवडा-दहा दिवसांत, क्वचित तीन आठवड्यांनी, हा आजार असाच सर्दीच्या वेषात उगवतो आणि पुढचा आठवडा-दोन आठवडे सर्दीच राहतो. संसर्ग सगळ्यात जास्त याच काळात. लस न घेतलेल्या माणसांमध्ये एक रोगी बारा ते सतरा जणांना आजार देऊ शकतो असा हिशोब मांडतात, म्हणजे जवळपास गोवराच्या तोडीचा.

सर्दी गेली आणि खोकला मागे राहिला. तेही नेहमीचंच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सिरप दिलं. सासूबाईंनी परसातला अडुळसा काढून काढा केला, त्यात ज्येष्ठमध, मिरी, खडीसाखर. दोन्ही चालू ठेवलं. (अडुळशात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं आणि त्याच्यावरूनच ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारं औषध बनवलेलं आहे. म्हणजे सासूबाईंचं पातेलं आणि केमिस्टची बाटली भाऊबंदच. माझ्या खोकल्याने दोघांनाही सारखंच वागवलं, त्यामुळे घरात वाद झाला नाही.)

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला आणि खोकल्याची जात बदलली. ते सांगायचं तर नीट सांगायला हवं, कारण मलाही आधी ते कुणाला नीट सांगता आलं नव्हतं.

दिवसभर काही नाही. फळ्यावर लिहितेय, बोलतेय, जेवतेय. मग गळ्याच्या खाचेत एका ठिकाणी सळसळ सुरू होते. ती आली की पाच-सात सेकंद मिळतात. हातातला चहा खाली ठेवायला, भिंत धरायला. मग पहिला खोकला, त्याच श्वासात दुसरा, तिसरा, दहावा. साध्या खोकल्यात आपण दोन ठसक्यांच्या मधे श्वास घेतो, आपल्या लक्षातही येत नाही. इथे ती मधली जागाच नसते. हवा बाहेर जाते, जाते, छाती रिकामी होते, तरी पोट आवळून आणखी एक खोकला पिळून निघतो. कानात गुंई सुरू होते. डोळ्यांसमोर काजवे येतात. आणि मग, आता संपलंच असं वाटत असताना, आकसलेल्या घशातून श्वास एकदम आत ओढला जातो आणि तो ओढताना लांब, बारीक, किंकाळीसारखा आवाज येतो. तो आवाज आपला आहे हे पहिल्यांदा पटत नाही. मागोमाग चिकट, तारेचा कफ आणि बऱ्याचदा उलटी. मग पुन्हा काही नाही. तोंड धुवून माणूस जागेवर येऊन बसतो, अगदी धडधाकट.

ही उबळ दिवसा चार-पाच वेळा, रात्री त्याहून जास्त. हसलं की, जांभई दिली की, गार पाणी प्यालं की, फोडणीचा खाट आला की. प्रत्येक उबळीत बाईमाणसाला आणखी एक त्रास होतो, लघवी राहत नाही. त्याबद्दल कोणी बोलत नाही, मीही शाळेत पॅड लावून जायचे आणि बोलत नव्हते. एकदा डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलं. दुखत काही नव्हतं, पण दिसत होतं भयंकर. सहावीच्या वर्गात मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली, "बाईंना कुणी मारलं काय रं?"

पण दवाखान्यात गेले की छाती साफ. स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही, ऑक्सिजन नव्व्याण्णव, ताप नाही, घसा जरा लालसर. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हटल्यावर थुंकी तपासायला सांगितली आणि छातीचा फोटो काढला. ते योग्यच होतं. आपल्याकडे लांबलेल्या खोकल्यात आधी क्षयरोग नाही ना हे बघायलाच हवं. दोन्ही स्वच्छ आलं. मग पित्त वर येत असेल म्हणून पित्ताच्या गोळ्या झाल्या, दम्याचा प्रकार असेल म्हणून पंप झाला. एका ठिकाणी, नाव घेत नाही, ऐकून घेता घेता विचारलं गेलं, "सध्या काही टेन्शन वगैरे?" त्या क्षणी मला सातवीतला नळापाशी ओकणारा मुलगा आठवला.

निकाल लावला तो मोबाईलने. नवरा एका रात्री माझ्या उबळीने जागा झाला आणि पाठ चोळायच्या आधी त्याने फोन उचलून रेकॉर्डिंग सुरू केलं. मला तेव्हा रागच आला होता. ते घेऊन आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर गृहस्थ, सत्तरीच्या आसपासचे. माझं सगळं पुराण त्यांनी ऐकलं, फोटो उजेडासमोर धरून पाहिला, मग नवऱ्याने फोन पुढे केला. त्यांनी तो कानाला लावला. शेवटचा तो ओढलेला श्वास आला तशी त्यांनी मान वर केली, रेकॉर्डिंग मागे घेऊन पुन्हा ऐकलं, आणि विचारलं, "घरात तान्हं बाळ आहे का? किंवा कुणी गरोदर?"

माझ्याबद्दल त्यांनी अजून एक शब्दही काढला नव्हता. मी सांगितलं, माहेरी बहिणीचं बाळ आहे, पाच आठवड्यांचं.

"आजपासून तिकडे जायचं नाही," ते म्हणाले. "हा डांग्या खोकला असावा. गोळ्या लिहून देतो, पण त्या तुमच्यासाठी नाहीत."

त्याचा अर्थ त्यांनी मग समजावला, आणि हा भाग मला पूर्ण आजारपणात सगळ्यात शहाणा वाटला. अ‍ॅझिथ्रोमायसिन, पहिल्या दिवशी पाचशे मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस अडीचशे. सर्दीच्या काळातच ते सुरू झालं असतं तर आजार हलका गेला असता. उबळी सुरू झाल्यावर खोकल्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पण घशात जे काही जंतू उरलेत ते मरतात आणि पाच दिवस गोळ्या पोटात गेल्यावर माणूस दुसऱ्याला आजार देत नाही. औषध न घेता थांबलं तर यालाच उबळी सुरू झाल्यापासून तीन आठवडे लागतात. म्हणजे मी गोळ्या घ्यायच्या त्या भाचीसाठी. आणि घरातल्या सगळ्यांनी घ्यायच्या, खोकला असो वा नसो: नवरा, मुलगा, सासूबाई, तिकडे आई-बाबा, बहीण. मुलाच्या लसी वेळेवर झालेल्या होत्या, तरी त्यानेही.

खात्रीसाठी स्वॅब घेतला. करोनात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली आहे, तसाच. नाकातून पार मागे, घशाच्या वरच्या टोकापर्यंत. नमुना पुण्याला पीसीआरसाठी गेला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "निगेटिव्ह आला तरी मी मत बदलणार नाही. तीन-चार आठवड्यांनंतर घशात सापडण्याइतकं काही राहत नाही." माझा पॉझिटिव्ह आला, अगदी शेवटच्या गाडीला. बोर्डेटेला पर्टुसिस.

आता या जंतूबद्दल. विज्ञान शिकवणारीला सक्तीची विश्रांती दिली की ती दुसरं काय करणार.

आपल्या श्वासनलिकेला आतून एक अस्तर असतं आणि त्या अस्तराच्या पेशींवर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात, पक्ष्माभिका. ते सतत एका लयीत हलत असतात आणि धूळ, जंतू, कफ असं सगळं वर घशाकडे ढकलत असतात. घरात चोवीस तास आपोआप केर निघतो आहे, तसं. बोर्डेटेला पर्टुसिस हा आखूड दंडगोलासारखा जंतू नेमका याच पेशींना चिकटतो. फक्त माणसाच्या. त्याचा मुक्काम दुसऱ्या कुठल्या प्राण्यात नाही, मातीत नाही, पाण्यात नाही. म्हणजे प्रत्येक रोग्याला तो कुणातरी खोकणाऱ्या माणसाकडूनच आलेला असतो. चिकटल्यावर तो विषं सोडतो, एक नाही, अनेक. एका विषाने त्या तंतुवाल्या पेशी मरतात आणि गळून पडतात. दुसरं विष, ज्याला जंतूचंच नाव दिलंय ते पर्टुसिस टॉक्सिन, शरीराच्या संरक्षक पेशींना वेळेवर जागेवर पोचू देत नाही. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडायच्या त्या रक्तातच अडकून राहतात, म्हणून लहान मुलांच्या रक्ततपासणीत त्यांचा आकडा वर गेलेला दिसतो. जंतू स्वतः सहसा रक्तात उतरत नाही, विष उतरतं. मला ताप का नव्हता आणि छाती साफ का होती, ते तेव्हा लक्षात आलं.

केर काढणारे तंतूच गेले की कफ जागच्या जागी साचतो आणि घट्ट होतो. तो बाहेर काढायला शरीराकडे एकच उपाय उरतो, खोकला. जंतू मेल्यावरही अस्तर पुन्हा धरायला आठवड्यांमागून आठवडे जातात. माझ्या त्या महिन्यांतल्या रात्री जंतूशी लढण्यात गेल्या असं मला वाटत होतं. लढाई केव्हाच संपली होती. मी खोकत होते ते पडझडीवर.

हा जंतू सापडायलाही असाच वेळ लागला. आजाराचं वर्णन फार जुनं आहे, १५७८ साली पॅरिसमध्ये आलेल्या साथीबद्दल गियोम द बायू नावाच्या वैद्याने लिहून ठेवलंय. पण जंतू वेगळा काढून वाढवता आला तो १९०६ मध्ये, ब्रसेल्सला, ज्यूल बोर्दे आणि ओक्ताव्ह झांगू या दोघांना. सूक्ष्मदर्शकाखाली तो आधी दिसला होता, पण नेहमीच्या खाद्यावर वाढायलाच तयार नव्हता. शेवटी बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त असं मिश्रण करून दिल्यावर वाढला. बोर्देंना १९१९ चं नोबेल मिळालं, ते मात्र रोगप्रतिकाराच्या कामासाठी.

माहेरी तोवर वेगळंच नाट्य चालू होतं, आणि मी त्यात फक्त फोनवर. व्हिडिओ कॉलला उबळ आली की मी फोन उलटा ठेवायचे.

मुलांच्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं. ती छान होती, दूध पीत होती, वजन वाढत होतं. तरी तिलाही अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केलं, वजनाच्या हिशोबाने पाच दिवस. इतक्या लहान बाळाला हे औषध देताना जठराचं तोंड आवळलं जाण्याचा थोडा धोका असतो, म्हणून पुढचे काही आठवडे दूध पिचकारीसारखं जोरात उलटून पडलं तर लगेच आणा, असं बजावलं. धोका माहीत असून देताय? असं बहिणीच्या नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हो, कारण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते मी बघितलंय."

दुसऱ्या पारड्यातलं त्यांनी सांगितलं ते ऐकून आईने देवघरात दिवा लावला. तान्ह्या बाळाला डांग्या खोकला होतो तेव्हा बऱ्याचदा तो वाजतच नाही. तो ओढलेला आवाज काढायची ताकदच त्या छातीत नसते. कधी खोकला नावालाच येतो आणि बाळ श्वास घ्यायचंच थांबतं. काळंनिळं पडतं, मग पुन्हा घ्यायला लागतं, किंवा लागत नाही. पुढे न्यूमोनिया, झटके, आणि पांढऱ्या पेशी फारच वाढल्या तर फुप्फुसांतला रक्तदाब चढून हृदयावर ताण. या आजाराने जी मुलं दगावतात त्यांत सगळ्यात जास्त अशी, लसीच्या आधीची, दोन-तीन महिन्यांच्या आतली असतात. "खोकल्याकडे कान ठेवू नका," डॉक्टर म्हणाले, "श्वासावर डोळा ठेवा."

म्हणून तीन आठवडे माहेरी पाळ्या लावून बाळाचं पोट बघितलं गेलं. बहीण दूध पाजून झोपायची तेव्हा आई, आईनंतर बाबा, पहाटे बहिणीचा नवरा, तो त्यासाठी इचलकरंजीहून यायचा. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच एकसारखा नसतो. भरभर घेतात, मधेच चार-पाच सेकंद थांबतात, पुन्हा घेतात. हे नॉर्मल आहे हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण रात्री तीन वाजता पाच सेकंद किती लांब असतात ते बाबांना विचारा. आयुष्यभर एसटीत हिशोब तपासनीस होते. त्यांनी वही घातली होती आणि त्यात वेळ, दूध, शी, शू आणि 'श्वास ठीक' असा रकाना होता.

त्याच दिवसांत गल्लीतून आरोळी आली, गाढविणीचं दूध. एक बाई गाढवीण घेऊन फिरते, समोर धार काढून चमच्याच्या मापाने विकते, लहान मुलांच्या खोकल्यावर म्हणून लोक घेतात. समोरच्या काकू स्वतः पैसे देऊन चमचा घेऊन दारात आल्या. माया खरी होती. आईने त्यांना ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि दूध परत पाठवलं; दीड महिन्याच्या जिवाला कच्चं दूध नको, मधही वर्षाच्या आत नको, हे डॉक्टरांचं वाक्य तिने आपल्या पदरचं असल्यासारखं सांगितलं. काकू जरा नाराज झाल्या. झाल्या तर झाल्या.

बाळ सहा आठवड्यांचं झालं तो दिवस नेमका याच काळात आला. लसीचा दिवस. बहिणीच्या सासूबाईंचं म्हणणं पडलं की आत्ताच औषध झालंय, वर घरात आजार, तर टोचून घेणं लांबवावं. आणि घ्यायचीच तर खाजगीतली 'पेनलेस' घ्यावी, सरकारी सुईने ताप येतो. त्यांचं ताप येण्याबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे. सरकारी पेंटाव्हॅलेंटमध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा एक जंतू) अशा पाचांवरचं संरक्षण एका सुईत असतं आणि त्यातला डांग्या खोकल्याचा भाग म्हणजे मारलेला अख्खा जंतू. त्याने ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरतं. पेनलेसमध्ये जंतूचे निवडक, शुद्ध केलेले तुकडे असतात. त्रास कमी, पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं असं अनेक देशांत दिसून आलंय. आणि लांबवणं तर परवडणारंच नव्हतं. जपानने १९७५ मध्ये लसीनंतरच्या दोन मृत्यूंमुळे डांग्या खोकल्याची लस थांबवली, मग पुन्हा सुरू केली तरी लोकांनी पाठ फिरवली, आणि १९७९ साली तिथे तेरा हजारांवर रोगी आणि एक्केचाळीस मृत्यू झाले. हे मी बहिणीला मेसेजवर लिहून पाठवलं. तिने वाचलं की नाही माहीत नाही. तिने मुलांच्या डॉक्टरांना फोन केला आणि ते म्हणाले "आजच घ्या," एवढं तिला पुरलं. उपकेंद्रात नर्सबाईंनी कार्डावर तारीख घातली, पॅरासिटामॉलचे थेंब दिले. रात्री ताप आला, सकाळी गेला.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. बहिणीने गरोदरपणात सांगितलेल्या सगळ्या सुया घेतल्या होत्या. कार्डावर टीडी आहे, दोनदा. टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. डांग्या खोकला त्यात नाही. तो असलेली लस टीडॅप, ती सत्तावीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान घेतली तर आईच्या अंगातली प्रतिद्रव्यं वारेतून बाळाकडे जातात आणि बाळाच्या पहिल्या सुईपर्यंतचा हा उघडा काळ झाकला जातो. आपल्याकडे ती सरकारी कार्यक्रमात नाही, खाजगीत पैसे मोजून मिळते. मिळते हे तिला कुणी सांगितलंच नाही. शाळेतल्या मुलांचंही तेच. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात या तिघांवरच्या लसीचा) शेवटचा डोस पाच-सहा वर्षांचं असताना, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. लसीचं बळ काही वर्षांत ओसरत जातं, प्रत्यक्ष आजार होऊन आलेलं बळही जन्मभर पुरत नाही. म्हणजे सातवीतली पोरं आणि चाळिशीतली त्यांची बाई, दोघंही मोकळ्या मैदानात.

शाळेला मी कळवलं. मुख्याध्यापकांनी आधी "बाई, उगाच घबराट होईल" म्हटलं, मग माझा रिपोर्ट बघितला आणि आरोग्य विभागाला फोन केला. माणसं आली, वर्गाची यादी घेतली, कोण किती दिवस खोकतंय ते विचारलं, काही जणांना औषध दिलं. कबड्डीवाल्या मुलाला तोवर महिना उलटून गेला होता, तपासण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मला कुणाकडून आलं हे त्यामुळे कधीच ठरलं नाही. फक्त वर्गात त्याला नाटकी म्हणणं थांबलं, ते मात्र एका दिवसात.

यादी घेणाऱ्यांना बघून मला पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग आठवल्या, कारण त्यांच्याबद्दल मी नुकतंच वाचलं होतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात, १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, या दोघी प्रयोगशाळेतलं दिवसाचं काम संपवून संध्याकाळी गरिबांच्या घरोघर जायच्या. बरोबर बशीसारख्या काचेच्या तबकड्या, त्यात जंतूचं खाद्य. खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर तबकडी धरायची, त्याने त्यावर खोकायचं. घरात वीज नसे, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात हे चालायचं. मूल आता दुसऱ्याला आजार देतंय की नाही, त्याच्या घराबाहेर पडण्यावरची बंदी उठवायची की नाही, हे त्यावर ठरे. त्याच कामातून त्यांनी लस उभी केली आणि पुढे डीपीटी आली, आमच्या आईच्या भाषेत 'ट्रिपल'. माझ्या नाकात गेलेली काडी ही त्या तबकडीचीच नात.

गोळ्यांचे पाच दिवस संपले तशी मी कायद्याने मोकळी झाले. खोकल्याला ते माहीत नव्हतं. जानेवारी पूर्ण उबळींत गेला. एका उबळीत उजव्या कुशीत कट् झालं आणि त्यानंतर कूस बदलणं म्हणजे शिक्षा. फोटोत बरगडीला बारीक चीर दिसली. तिलाही उपाय नाही, पट्टासुद्धा बांधत नाहीत, कारण श्वास उथळ झाला तर कफ साचतो. स्कूटी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली, उबळीत क्षणभर शुद्ध हरपू शकते म्हणून. मी एसटीने शाळेत जायला लागले आणि गाडीत ढास लागली की अख्खी सीट रिकामी व्हायची. बसायला जागा मिळवण्याचा हा उपाय मी कुणाला सुचवणार नाही.

कामी आलेल्या गोष्टी अगदी किरकोळ. थोडं थोडं खाणं, म्हणजे उलटीत सगळं जात नाही. झोपताना डोक्याखाली दोन उशा. कोमट पाण्याचा थर्मास. स्वयंपाकघरात फोडणी चालू असताना तिकडे न फिरकणं, हे तर मी अजूनही पाळते. सिरपांचा उपयोग झाला नाही, एकाही नाही.

फेब्रुवारीत रात्रीच्या उबळी चारांवर आल्या, मग दोनांवर. मार्चमध्ये एक पूर्ण रात्र झोप लागली. बाळाचा तिसरा डोस चौदाव्या आठवड्यात झाला, त्या वेळी मांडी धरायला मी होते. ती सुईपेक्षा मला बघून जास्त रडली, मला फारसं बघितलेलंच नव्हतं तिने.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, पहिला पाऊस झाला आणि मला साधी सर्दी झाली. चौथ्या दिवशी घशात तीच सळसळ, तीच उबळ, शेवटी तोच ओढलेला श्वास. मी तडक डॉक्टरांकडे. त्यांनी स्वॅब घेतला नाही, गोळ्याही लिहिल्या नाहीत. म्हणाले, आजार परत आलेला नाही. नवं धरलेलं अस्तर अजून हळवं आहे, पुढचे काही महिने कुठल्याही सर्दीत ते असंच वागेल, कुणाला यातून काही लागणार नाही. मी विचारलं, "मग लोकांना काय सांगू?" ते म्हणाले, "लोक विचारतीलच. सांगा, जुना खोकला आहे." दोन आठवड्यांत तो गेला. सप्टेंबरच्या सर्दीत पुन्हा आला, पण तेव्हा उलटी नव्हती आणि स्कूटीही मी चालवत होते.